पहिली सनद : संगणक-तंत्रज्ञाच्या परीक्षेविषयी

संगणक निर्माण करणाऱ्यांविषयी आपल्या समाजात आदर आहे आणि संगणकावर काम करणाऱ्यांविषयी कौतुक आहे; परंतु बंद पडलेला संगणक पुन्हा चालू करून देणाऱ्या माणसाविषयी, काम अडून राहिले असेल तेवढा वेळ वगळला तर, आपल्याला विशेष काही वाटते असे दिसत नाही. कचेरीतील मेजाखाली वाकून धुळीने माखलेल्या तारांच्या गुंत्यात हात घालणारा हा मनुष्य अभियंत्यांच्या पंक्तीत गणला जात नाही, आणि शिपायांच्या पंक्तीतही त्याला कोणी बसवीत नाही. त्याचा हुद्दा कोणता, त्याचे ज्ञान किती आणि त्या ज्ञानाचा निवाडा कोणी करावयाचा, हे प्रश्न पुष्कळ काळ मालकाच्या मर्जीवर सोडलेले होते. अशा माणसाला एक सनद असावी, आणि ती कोणा एका कारखानदाराच्या शिक्क्याची नसून सबंध धंद्याने मान्य केलेली असावी, या विचाराने १९९३ साली अमेरिकेत ‘ए प्लस’ नावाची परीक्षा सुरू झाली. प्रस्तुत पुस्तक त्या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले आहे. पुस्तकातील तपशिलाची पुनरुक्ती न करता, ही परीक्षा कशाची आहे, तिचे मोल किती मानावे आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, एवढेच येथे सांगण्याचा विचार आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे, म्हणजे कॉम्पटियाचे, मूळ कोणत्याही विद्यापीठात नाही. १९८२ साली अमेरिकेतील संगणक-विक्रेत्यांनी स्थापन केलेला तो एक संघ होता. ‘असोसिएशन ऑफ बेटर कॉम्प्युटर डीलर्स’ हे त्याचे पहिले नाव, आणि आजचे व्यापक नाव त्याने पुढे धारण केले. या परीक्षेचे पितृत्व दुकानदारांकडे आहे ही गोष्ट वाचकाने आरंभीच ध्यानात ठेवावी, कारण तिच्या गुणांची आणि दोषांची संगती तीवरूनच लागते. दुकानदाराला गिऱ्हाइकाची तक्रार मिटवावयाची असते. तक्रारीच्या मुळाशी असलेला सिद्धान्त त्याला अवगत असला तर उत्तमच, पण तो नसल्याने त्याचे दुकान अडत नाही. म्हणून प्रोसेसरची अंतर्गत रचना कशी असते हे या परीक्षेत खोलात जाऊन विचारीत नाहीत. तो तापल्यामुळे यंत्र आपोआप बंद पडू लागले तर प्रथम काय पाहाल, हे मात्र अगत्याने विचारतात.

अशा सनदेची निकड का उत्पन्न झाली हे समजण्यासाठी १२ ऑगस्ट १९८१ या दिवसापर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, आणि तो अल्पावधीत सिद्ध व्हावा म्हणून त्याचे महत्त्वाचे भाग स्वतः न घडवता बाहेरून घेतले : प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राची रचना उघड, भाग बाजारात मिळणारे, तेव्हा आयबीएमच्या मुठीत खरोखर उरला होता तो बायोस नावाचा मूलभूत आज्ञासंच. आणि मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारा दुसरा बायोस लिहवून घेऊन कॉम्पॅकने १९८२ च्या नोव्हेंबरात आपले जुळते यंत्र जाहीर केले, तेव्हा ती मूठही सुटली. यापूर्वीच्या मोठ्या संगणकांची देखभाल ज्याने यंत्र दिले त्याचाच माणूस येऊन करीत असे, आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची हा वाद उद्भवतच नसे. आता एकाच पेटीत एकाची हार्ड डिस्क, दुसऱ्याची रॅम आणि तिसऱ्याचे डिस्प्ले कार्ड नांदू लागले. यंत्र बंद पडले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागला, आणि सर्वांचीच थोडी थोडी ओळख असणारा, परंतु कोणाचाच चाकर नसणारा असा एक मध्यस्थ कारागीर आवश्यक होऊन बसला.

आपल्याकडे हे दृश्य पुढच्या दशकात ठसठशीतपणे दिसू लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, ज्याला कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट निरनिराळ्या दुकानांतून निवडून ‘असेंबल’ करून घेतलेले यंत्र हा मध्यमवर्गीय घराचा पहिला संगणक ठरला. ते जोडून देणारी मुले दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून, बिघडलेले भाग अदलाबदल करून पाहत, कानाने आणि नाकाने हा धंदा शिकली. बीप किती वाजले यावरून रॅम गेली की डिस्प्ले कार्ड हे त्यांना कळे, आणि एसएमपीएस जळाल्याचा वास ती दारातून ओळखीत. त्यांचे ज्ञान खरे होते. पण परक्या गावी, अनोळखी साहेबापुढे, ते सिद्ध करण्याचे काही साधन त्यांच्यापाशी नव्हते. आखाती देशांत किंवा अमेरिकेत नोकरी शोधणाऱ्या तरुणाला ही उणीव अधिकच जाणवे, आणि शहरोशहरीच्या हार्डवेअरच्या वर्गांतून ए प्लसचे नाव जे ऐकू येऊ लागले त्याचे एक कारण हे आहे.

त्या काळची परीक्षा आजच्या विद्यार्थ्याने पाहिली तर तो बुचकळ्यात पडेल. पहिल्या सिरियल पोर्टाला चौथी इंटरप्ट-रेषा आणि दुसऱ्याला तिसरी, प्रिंटरच्या पोर्टाला सातवी, फ्लॉपीला सहावी, असा क्रम मुखोद्गत असणे हे तेव्हाच्या तंत्रज्ञाचे संध्यावंदन होते. दोन भागांनी एकच रेषा मागितली की यंत्र गोठे, आणि पेटी उघडून, चिमट्याने जंपर हलवून, तंटा मिटवावा लागे. १९९५ च्या विंडोजने ही वाटणी स्वतःकडे घेण्यास आरंभ केला आणि काही वर्षांत हे सगळे पाठांतर निरुपयोगी झाले. ज्ञान इतके नाशवंत असेल तर त्याची सनद तरी आजन्म का चालावी, हा प्रश्न तेथून सरळ निघतो. २०१० च्या अखेरपर्यंत मिळालेली ए प्लस सनद आजन्म मानली जाई. १ जानेवारी २०११ पासून तिची मुदत तीन वर्षांची झाली, आणि त्या मुदतीत ठरावीक शिक्षण घेऊन अथवा वरची परीक्षा उत्तीर्ण होऊन तिचे नूतनीकरण करणे भाग पडले. या बदलाने संस्थेच्या तिजोरीत भर पडते असा आक्षेप पुष्कळांनी घेतला, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही जंपरांच्या काळात मिळवलेल्या सनदेवर आजच्या कचेरीतील यंत्रांचा ताबा कोणाला द्यावा असे मला वाटत नाही.

परीक्षेचे सध्याचे स्वरूप थोडक्यात असे. ‘कोअर वन’ आणि ‘कोअर टू’ अशा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीत अधिकांत अधिक ९० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे. गुण १०० ते ९०० या मापावर दिले जातात, आणि उत्तीर्ण होण्यास पहिलीत ६७५ व दुसरीत ७०० लागतात. हे माप शेकडेवारीचे नव्हे, म्हणून किती प्रश्न बरोबर आले म्हणजे निभावेल याचे गणित मांडत बसण्यात अर्थ नाही. पहिलीत यंत्राचे भाग, मोबाइल उपकरणे, नेटवर्क, आभासी यंत्रे आणि क्लाउड येतात. दुसरीत कार्यप्रणाली, सुरक्षा आणि कामाची रीतभात. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या २२०-१२०१ आणि २२०-१२०२ या मालिकेतही ही चौकट कायम आहे. बहुपर्यायी प्रश्नांबरोबर काही प्रात्यक्षिकवजा प्रश्न असतात, ज्यांत पडद्यावरच्या नकली यंत्राची जुळणी करावी लागते किंवा घरगुती राउटर नीट बसवून दाखवावा लागतो. ते बहुधा आरंभीच पुढ्यात येतात आणि विद्यार्थ्याची निम्मी हिंमत तेथेच खचते.

दोन्ही प्रश्नपत्रिकांतून एक धागा जातो, आणि या परीक्षेत चिरकाल टिकण्यासारखे जे काही आहे ते माझ्या मते त्या धाग्यातच आहे. बिघाड शोधण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत अभ्यासक्रमाने घालून दिली आहे : तक्रार नेमकी काय ते समजून घेणे, संभाव्य कारणाचे अनुमान बांधणे, ते अनुमान पडताळणे, उपायाची योजना आखून ती अमलात आणणे, सर्व काही पूर्ववत चालते की नाही हे पाहून पुन्हा तसे होऊ नये याची तजवीज करणे, आणि शेवटी झाल्या प्रकाराची नोंद ठेवणे. वाचताना हे इतके साधे वाटते की यात शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु प्रत्यक्ष कामावर उभ्या असलेल्या दहा माणसांपैकी नऊ जण तिसऱ्या-चौथ्या पायरीवरूनच आरंभ करतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या साधेपणाची किंमत कळते.

समजा, एखाद्या तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला की ‘इंटरनेट बंद आहे’. उतावळा कारागीर जाऊन प्रथम विंडोज नव्याने घालील, आणि त्या भरात कारकुनाची तीन वर्षांची कागदपत्रे पुसून टाकील. पद्धतीने चालणारा आधी विचारील : कधीपासून बंद आहे, एकाच यंत्रावर की सर्वांच्या, आणि त्याआधी काय बदलले? काल रंगकामासाठी मेज सरकवले होते, असे एखादे वाक्य त्या बोलण्यातून निघते. मग तो यंत्राचा नेटवर्क-पत्ता पाहतो, तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत यंत्राची हाक पोहोचली नाही आणि म्हणून त्याने स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन घेतला आहे, एवढे निश्चित होते. इतरांचे व्यवस्थित चालत असेल तर सर्व्हर निर्दोष ठरतो आणि संशय तारेवर येतो. शेजारच्या यंत्राची तार लावून पाहिली आणि पत्ता मिळाला, की अनुमान सिद्ध झाले. यात विद्वत्ता कोठेच नाही. उघड दिसणाऱ्या गोष्टीवर प्रथम शंका घ्यावी, आणि एका वेळी एकच बदल करावा, एवढा संयम आहे. आपल्या वैद्यकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असे रोग जाणण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत. त्यांतील उपशय, म्हणजे औषध, आहार किंवा विहार योजून आराम पडतो की नाही यावरून रोग ओळखणे, हा तारेची अदलाबदल करून पाहण्याचाच प्रकार आहे, असे म्हटल्यास वैद्यमंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

लेसर प्रिंटरचे प्रकरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे, आणि विद्यार्थी नेमके तेच कंटाळून सोडतात. झेरॉक्समध्ये गॅरी स्टार्कवेदर यांनी सिद्ध केलेल्या या यंत्रात कागद छापला जाण्याचे सात टप्पे असे : पृष्ठाची प्रतिमा तयार होते, ड्रमवर विद्युत्भार चढतो, लेसरचा किरण त्यावर अक्षरांची अदृश्य आकृती रेखतो, त्या आकृतीला टोनरची पूड चिकटते, पूड कागदावर उतरते, फ्यूजरच्या उष्णतेने ती पक्की होते, आणि ड्रम पुन्हा स्वच्छ केला जातो. हा क्रम केवळ घोकला तर तो परीक्षेपुरता. पण त्याचा अर्थ उमगला तर बिघडलेला कागदच साक्ष देऊ लागतो. अक्षरांवर बोट फिरवताच ती पुसली जात असतील तर फ्यूजर तापत नाही. आधीच्या मजकुराची पुसट छाया पुढे उमटत असेल तर ड्रमची स्वच्छता नीट होत नाही. कागदभर एक उभी रेघ सारखी येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे किंवा तो मळला आहे. आपल्या सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांचा कारभार अजूनही छापील कागद, सही आणि शिक्का यांवर चालतो, तेव्हा हे एकच प्रकरण ज्याला उत्तम अवगत आहे तो उपाशी राहणार नाही.

अमेरिकेतील परिस्थिती गृहीत धरून लिहिलेल्या काही गोष्टी येथे जपून घ्याव्या लागतात. तेथे घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०; जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर जो लहानसा लाल खटका असतो तो ११५ वर राहिला आणि यंत्र आपल्या भिंतीतील विजेला जोडले, तर पुढे जे होते त्याला निदानाची गरज उरत नाही. स्थिर विद्युतेपासून भागांचे रक्षण करण्यासाठी मनगटाला पट्टी बांधावी असे पुस्तके बजावतात. कोरड्या थंडीच्या मुलखात तिचे महत्त्व फार, कोकणातल्या पावसाळी दमट हवेत ते पुष्कळ कमी, पण विदर्भातल्या कोरड्या दिवसांत ती न बांधणे हा आळस समजावा. मात्र एसएमपीएसला हात लावताना हीच पट्टी काढून ठेवावयाची असते, कारण तेथे देहाला जमिनीशी जोडून घेणे जिवावर बेतू शकते. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये, हे तर परीक्षाही सांगते आणि शहाणपणही सांगते.

दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील कामाच्या रीतिभातीचा भाग आपल्याकडील वर्गांत उडवून लावतात, याचे मला वाईट वाटते. गिऱ्हाइकाचे बोलणे मध्येच तोडू नये, त्याला न समजणारी परिभाषा वापरून त्याला लाजवू नये, त्याच्या यंत्रावरील खाजगी मजकूर चाळू नये, उशीर होणार असेल तर आगाऊ कळवावे : असले प्रश्न पाहून हुशार मुले हसतात. यांत काय विचारायचे, असे त्यांना वाटते. परंतु यंत्रावर आक्षेपार्ह सामग्री आढळली तर ते यंत्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची अखंड नोंद का ठेवावी, किंवा बदल करण्यापूर्वी मंजुरी आणि परत फिरण्याची योजना का हवी, हे प्रश्न याच प्रकरणात येतात. आणि पेशवे दप्तराचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशातील माणसाला तरी नोंदीचे महत्त्व परक्याने शिकवावे लागू नये. ज्या दुकानात मागच्या वर्षी हाच बिघाड कसा दुरुस्त केला याचा कागद सापडत नाही, तेथे प्रत्येक बिघाड नवाच असतो.

आता दोषांविषयी. प्रश्नांची भाषा वकिली आहे. चारही उत्तरे एका अर्थी बरोबर असतात आणि त्यांतील ‘प्रथम’ कोणते किंवा ‘सर्वोत्तम’ कोणते हे निवडावे लागते, त्यामुळे इंग्रजी सफाईने न वाचणारा चांगला कारागीर मागे पडतो आणि स्क्रू-ड्रायव्हर न धरलेला वाचक पुढे जातो. परीक्षा मराठीत उपलब्ध नाही. शुल्क डॉलरच्या हिशेबाने ठरलेले असल्याने, आणि ते दोनदा भरावे लागत असल्याने, आपल्याकडील नवशिक्या तंत्रज्ञाच्या मेहनतान्याच्या मानाने ते जबर आहे. शिवाय अमेरिकेत या सनदेला जे वजन आले त्यामागे तेथील संरक्षण खात्याचा मोठा हात आहे, कारण २००५ च्या नियमावलीने संगणक-व्यवस्थेच्या प्राथमिक पातळीवर काम करणाऱ्यांसाठी मान्य ठरवलेल्या सनदांत ए प्लसचा समावेश झाला. तसा कोणताही सरकारी पाठिंबा तिला येथे नाही. येथे आयटीआयचा दाखला अधिक ओळखीचा आहे, आणि एमएस-सीआयटी तर घरोघरी माहीत आहे, जरी तिचा उद्देश संगणक वापरण्याची साक्षरता हा असून दुरुस्तीशी तिचा संबंध नाही. तेव्हा स्वतःच्या गावात, ओळखीच्या गिऱ्हाइकांत धंदा करणाऱ्याने कर्ज काढून ही परीक्षा द्यावी असे मी म्हणणार नाही. बहुराष्ट्रीय कंपनीच्या सेवाकेंद्रात शिरू पाहणाऱ्याने किंवा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने मात्र ती जरूर द्यावी.

एका दुराचाराचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. परीक्षेतील प्रश्न चोरून, त्यांच्या उत्तरांसह विकण्याचा बाजार तेजीत आहे, आणि ‘डंप’ या नावाने तो माल विद्यार्थ्यांच्या हाती येतो. नियमांनी तो निषिद्ध आहे आणि उघडकीस आल्यास सनद रद्द होऊ शकते, हे तर खरेच. पण त्यातील उत्तरेही पुष्कळदा चुकीची असतात, आणि असे उत्तीर्ण झालेले लोक कामावर पहिल्या आठवड्यात उघडे पडतात. त्यांच्यामुळे प्रामाणिक उमेदवाराच्या सनदेकडे मालक साशंक नजरेने पाहू लागतो, हा त्यातला खरा अन्याय.

विद्यार्थ्याने जुन्या बाजारातून एक टाकाऊ यंत्र आणावे, ते पूर्ण सुटे करून पुन्हा जोडावे, आणि या पुस्तकातील प्रत्येक प्रकरण त्या यंत्राशेजारी बसून वाचावे. परीक्षेत आरंभीचे प्रात्यक्षिक प्रश्न जड वाटले तर खूण करून पुढे जावे आणि उरलेल्या वेळात त्यांच्याकडे परतावे; चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून कोणताही प्रश्न कोरा सोडू नये. पहिल्या प्रयत्नात अपयश आले तर दुसऱ्यासाठी थांबण्याची सक्ती नाही, तिसऱ्यापूर्वी मात्र १४ दिवस थांबावे लागते. आणि दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच मालिकेच्या असाव्या लागतात. जुन्या मालिकेची पहिली आणि नव्या मालिकेची दुसरी अशी जोडी मान्य होत नाही. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी क्रमांक नीट ताडून पाहावा, आणि पहिली उत्तीर्ण झाल्यावर दुसरीला विलंब लावू नये.